केदारीबाईंची काच

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या प्रेसची स्मरणिका घरपोच आली. प्रेसला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेली. जाड कागद, वर गुळगुळीत लॅमिनेशन, मुखपृष्ठावर मधाची बरणी. पहिलं पान उलटलं तर खाली बारीक अक्षरात छापलेलं: 'मुखपृष्ठ चित्र: निखिल.' निखिल म्हणजे मालकांचा पुतण्या. ती बरणी काढली गेली तेव्हा हा गृहस्थ प्रेसमध्ये चहा प्यायला यायचा आणि मोकळ्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळत बसायचा. ती बरणी त्याने काढलेली नाही. ती सुलभा केदारी नावाच्या बाईंनी अकरा दिवस बसून काढली. मी शेजारच्या खुर्चीवर होते. स्मरणिकेत टेम्पोवाल्याचा फोटो आहे, चहावाल्याचं नाव आहे, माझासुद्धा उल्लेख आहे. बाईंचं नाव कुठेही नाही. मी दोनदा शोधलं. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

आमची प्रेस लोणावळ्याच्या बाजारात, मागच्या गल्लीत. चिक्कीचे खोके, सरबताच्या बाटल्यांची लेबलं, हॉटेलांची मेनूकार्डं, लग्नपत्रिका, फ्लेक्स, सगळं तिथे व्हायचं. मजकूर टाइप करून बसवणं माझं काम. चित्रं बाईंची. आमचं सॉफ्टवेअर रेषांचं होतं. फोटो फार मोठा केला की फुटतो. रेषा आणि आकार जोडून काढलेलं चित्र मात्र आगपेटीवर छापा नाहीतर होर्डिंगवर, त्याची कड तशीच राहते. अशा चित्रात काच खरी वाटायला लावणं फार कठीण. आमच्या भागात ते फक्त बाईंना जमायचं.

बाई पन्नाशीच्या. सुती साडी, पदर खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रोज डोंगराकडच्या कुरवंडे गावाहून जीपने यायच्या. आल्या की आधी खिडकी उघडायच्या. धुकं आत आलं, कागद सर्द झाले, मालक ओरडले, तरी खिडकी उघडीच. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची काच मांडलेली असायची: औषधाची तपकिरी बाटली, चहाचा ग्लास, सरबताची बाटली, कंदिलाची गोल काच. काम सुरू करण्याआधी त्या यातलं एखादं उचलायच्या, फिरवायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या आणि स्वतःशीच पुटपुटायच्या, "उजेड कुटनं येतुया?"

बाईंचे वडील एका बंगल्याचे माळी होते. बंगलेवाले शनिवार-रविवारी यायचे. त्याआधी सगळ्या काचा पुसून ठेवायचं काम लहानग्या सुलभाचं. "आट वर्सं मी काचा पुसल्या," त्या सांगायच्या. "बंगलेवाल्याला डोंगर दिसायचा. मला काच दिसायची." शाळा आठवीत सुटली. पुढे लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल त्या बोलत नसत. चाळिशीत प्रेसमध्ये खोके दुमडायच्या कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर बाहेर गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर बसायच्या. वर्षभराने तो ऑपरेटर पुण्याला गेला आणि मालकांना नवा माणूस शोधावा लागला नाही. पगार मात्र खोके दुमडणारीचाच बराच काळ राहिला.

बाई रागीट होत्या. यापुढे 'पण मनाने चांगल्या' असं जोडायची पद्धत आहे. मी जोडणार नाही. रागावल्या की त्या लागेल असंच बोलायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

मला त्यांनी काच शिकवायला घेतली तो दिवस आठवतो. मी पाण्याचा ग्लास काढला. निळसर रंग दिला, डाव्या अंगाला एक पांढरा वाकडा पट्टा ओढला. कुठल्याही जाहिरातीत असतो तसा.

"वैशे, ह्यो काय?"

"चमक."

"कुटनं आली?"

"खिडकीतून."

"खिडकी चौकोनी हाय. तुजी चमक केळ्यावानी का?"

त्यांनी माझ्यासमोर चहाचा ग्लास धुतला, पाणी भरलं आणि कट्ट्यावर ठेवला. "आता बग. आदी बग, मंग माउसला हात लाव. कड पांढरी हाय का काळी?"

मी बघितलं. काचेची कड काळपट होती. आयुष्यभर काचेच्या ग्लासात चहा प्यायले होते, पण हे कधी दिसलं नव्हतं. बुडाशी काच जाड, तिथे रंग साठलेला. ग्लासामागचे खिडकीचे गज पाण्यात उलटेपालटे झालेले. आणि ग्लासाची सावली कट्ट्यावर पडली होती, तिच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका हलत होता.

"सावलीत उजेड हाय," बाई म्हणाल्या. "त्यो न्हाई काढलास तर ती काच न्हाई, मडकं हाय. काच काढायचीच नसती गं. तिच्यातनं काय दिसतंय, तिच्यावर काय पडलंय, त्येवडं काढायचं. काच आपसूक येती."

मग त्यांनी माझं चित्र पुसून टाकलं. मला न विचारता. सेव्हही केलं नव्हतं.

गिऱ्हाइकांशीही त्या अशाच. एकदा एक हॉटेलवाला आला. ज्यूस सेंटरचा बोर्ड करायचा होता. बाईंनी मोसंबीच्या रसाचा ग्लास इतका खरा काढला होता की मला तहान लागली. त्याने बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. आता दोन-चार चांदण्या टाका. चमकल्यासारखं वाटलं पाहिजे."

"चांदण्या रातच्याला बगा, आभाळात," बाई म्हणाल्या.

मालक, म्हणजे अशोकशेठ, धावत आले. "टाका हो बाई, त्यांच्या पैशाचा बोर्ड आहे."

"मंग निखिलला सांगा. मी न्हाई टाकनार."

हॉटेलवाला उठून गेला. शेठनी बाईंना पुढचा महिनाभर फक्त लग्नपत्रिका दिल्या. बाईंनी त्या मुकाट्याने केल्या, आणि दर पत्रिकेवरच्या कलशाच्या पाण्यात एक खिडकी काढली.

त्यानंतर काही महिन्यांनी हिराबाई आल्या. कुरवंड्याच्या वर डोंगरात ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथल्या बचत गटाच्या त्या प्रमुख. वाडीतली माणसं रानातला मध काढायची आणि बायका नागफणीच्या कड्याच्या वाटेवर बसून ट्रेकवाल्यांना विकायच्या. दारूच्या जुन्या बाटल्यांत भरलेला मध लोक घेत नव्हते. गटाने काचेच्या बरण्या आणल्या होत्या. आता लेबल हवं होतं.

हिराबाईंनी पिशवीतून बरणी काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली. "ह्यो आमचा मध. जांभळीचा हाय, म्हनून काळा. लोकं म्हनत्यात जळाल्याला हाय. चित्र असं काढा की कळंल."

बाईंनी बरणी उचलून खिडकीत धरली आणि उजेडात हळूहळू फिरवली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून वाडीवर गेल्या. मध कसा काढतात, कसा गाळतात ते बघून आल्या, आणि मग बसल्या.

अकरा दिवस. लेबल होतं तळहाताएवढं, त्यात बरणी दोन बोटांची. शेठ येता-जाता कपाळावर हात मारायचे. बाई स्क्रीनवर एक बारीक जाळी पसरायच्या आणि तिच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग द्यायच्या. वर मध पातळ, तिथे तांबूस. खाली दाट होत गेलेला, बुडाशी जवळजवळ काळा, आणि त्या काळ्यात एकाच जागी निखाऱ्यासारखी लाली. झाकणाखाली हवेचे चार बुडबुडे. मधोमध मेणाचा एक कण.

"हा कचरा काढा," शेठ म्हणाले.

"मेन हाय त्ये. रानच्या मधात असतंय."

कण राहिला. बरणीच्या पोटावर, जिथे सगळे जण पांढरा पट्टा ओढतात, तिथे बाईंनी एक दार काढलं. काचेच्या गोलाईवर वाकलेलं, नखाएवढं. दारात उजेड आणि उजेडात उभी एक बाई. हिराबाई लेबल घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि ओरडल्याच, "अगं बया! ह्ये माजं दार हाय!"

बाई हसल्या. प्रेसमध्ये मी त्यांना हसताना पाहिलं ते त्याच दिवशी.

मध विकला जाऊ लागला. ट्रेकवाले फोटो काढायचे, घरी गेल्यावर आणखी मागवायचे. एक दुकानदारही ठेवायला तयार झाला. एक हंगाम बरा गेला.

आता मला माझं सांगितलं पाहिजे. बाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. दुपारी शेठ माझ्याजवळ आले. "वैशाली, ती मधाची फाईल या पेनड्राइव्हवर टाक. एका पार्टीला नमुना दाखवायचाय."

"बाईंना विचारू का?"

"बाईंना कशाला? फाईल प्रेसची आहे. पगार कोण देतं?"

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी मी ती मनात आणलीसुद्धा नव्हती. शेठनी सांगितलं आणि मी फाईल टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. नमुना दाखवायला मूळ फाईल लागत नाही, छापलेला कागद पुरतो, हे मला माहीत होतं. बाई परत आल्यावर मी त्यांना सांगितलं नाही.

महिना-दीड महिन्याने हिराबाई प्रेसमध्ये आल्या. खांद्यावर पोतं. त्यांनी ते बाईंच्या पायाशी उपडं केलं. उरलेली सगळी लेबलं.

"ह्ये तुमचं तुमी माघारी घ्या."

"काय झालं?"

"काय झालं? परवा एक मानूस आला. हायवेवर तुमची बरनी घेतली म्हनला, निस्ती साखर हाय तिच्यात. मी म्हनलं, दादा, आमी हायवेवर न्हाई इकत. त्यो म्हनला, चित्र एकच हाय, खोटं बोलू नगा. पोरांम्होरं चोर म्हनला मला. पायाशी बरनी आपटली. दुकानदारानं बी माल माघारी धाडला. लोकं भांडाया येत्यात म्हनं."

बाई तशाच उठल्या आणि हिराबाईंना घेऊन रिक्षाने जुन्या हायवेवर गेल्या. मीही गेले. जायला नको होतं, पण प्रेसमध्ये बसवेना.

वळणावर होर्डिंग उभं होतं, दोन मजल्यांएवढं. 'शुद्ध वनमध.' खाली दुकानाचं नाव आणि वर बाईंची बरणी. कड कुठेही फुटली नव्हती. मेणाचा कण फुटबॉलएवढा झाला होता. आणि काचेवरचं ते दार खऱ्या दाराएवढं होऊन दिसत होतं, त्यात हिराबाई उभ्या होत्या. खाली दुकानात गाड्या थांबत होत्या.

बाईंनी आत जाऊन एक बरणी घेतली. बाहेर उन्हात धरली. आत सारख्या रंगाचा तपकिरी पाक, वरपासून खालपर्यंत एकसारखा. बोट घालून चाटला आणि थुंकल्या. मग दुकानदाराला म्हणाल्या, "ह्ये चित्र माजं हाय."

तो मोबाईलवरून मानही न उचलता म्हणाला, "मी रीतसर प्रेसमधून घेतलंय. तिकडे बोला."

आम्ही परत आलो तेव्हा शेठ जेवत होते. बाई समोर उभ्या राहिल्या.

"फाईल इकली?"

"बाई, बसा. पाणी घ्या."

"इकली का न्हाई?"

"प्रेसचं काम प्रेसचं असतं. तुम्ही नोकरीला आहात. चित्रावर तुमचं नाव कुठे आहे?"

"त्येच्यावर हिराबाईचं दार हाय."

"दाराचा कुठे कॉपीराइट असतो का?" शेठ हसले. निखिलही हसला.

बाईंनी मग विचारलं, "मी न्हवते तवा फाईल कुनी काडून दिली?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळल्या. बहुतेक माझ्या तोंडावरच दिसत होतं.

"शेठनी सांगितलं," मी म्हटलं.

"शेठनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "बरं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंनी नोकरी सोडली नाही. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. भेसळीच्या तक्रारीचा अर्ज त्यांनी दोन कार्यालयांत नेऊन दिला. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने ठेवून घेतला. त्या रोज येत, खिडकी उघडत, काम करत. माझ्याशी मात्र तीन महिन्यांत एक अक्षर बोलल्या नाहीत. मी डबा पुढे केला की उठून बाहेर जायच्या.

पावसाळ्यात वाऱ्याने होर्डिंग फाटलं आणि दुकानदाराने नवीन छापायला सांगितलं. बाई आपणहून म्हणाल्या, "द्या हिकडं. मी करते. चित्र मोट्या छपाईला नीट करून देते."

शेठ खूश झाले. बाईंचा राग गेला असं त्यांना वाटलं.

तीन दिवस बाई त्या चित्रावर बसल्या. मी शेजारून बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी दार काढून टाकलं, दारातल्या बाईसकट. त्या जागी पांढरा वाकडा पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी मेणाचा कण आणि बुडबुडे गेले. कडेचा काळेपणा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाळीच्या एकेका गाठीचा रंग काढून तिथे एकच तपकिरी भरला, बुडाशी होती ती लालीही पुसली. सावलीतला उजेड शेवटी काढला. त्यावर त्यांचा हात जरा थांबला होता. मग वरून दोन चांदण्या टाकल्या. स्क्रीनवर आता प्लॅस्टिकची एक बरणी होती आणि तिच्यात साखरेचा पाक. दुकानात मिळत होता तोच.

होर्डिंग चढलं. रविवारी मी भाजी घेऊन परत येत होते, तर समोरच्या एसटी थांब्यावर बाई बसलेल्या दिसल्या. सकाळपासून बसल्या असाव्यात, शेजारी डबा रिकामा होता. समोर गाड्या थांबत होत्या. माणसं उतरत होती, होर्डिंगखाली उभं राहून फोटो काढत होती, पिशव्या भरून बरण्या नेत होती. एकही माणूस वर बघून थबकला नाही. मी लांबूनच परत फिरले.

सोमवारी शेठ आनंदात होते. "बाई, पार्टीचा फोन होता. आधीपेक्षा छान झालंय म्हणाले. एकदम स्वच्छ. बघा, मन लावून केलं की कसं होतं."

बाई उठल्या. "अशोकशेठ, त्ये मी खराब केलंय. मुद्दाम. तीन दिस बसून खराब केलंय. वीस वर्सं छापखाना चालवताय, तुमाला बी दिसलं न्हाई?"

शेठ क्षणभर गोंधळले. मग त्यांनी हात झटकला. "मग असंच करत जा. गिऱ्हाईक खूश आहे, अजून काय पाहिजे?"

बाईंनी कट्ट्यावरची काच एकेक करून पिशवीत भरली. पेपरात गुंडाळून, घाई न करता. सगळे बघत होते. मीही. खिडकी उघडीच ठेवून त्या गेल्या. त्या गेल्यावर निखिलने ती लावून घेतली.

मी पुढच्या वर्षी प्रेस सोडली. उशीर झाला होता, याची मला कल्पना आहे.

गेल्या हिवाळ्यात नणंदेबरोबर शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गेले होते. देवळाबाहेर हारांच्या दुकानांच्या रांगेत, शेवटी, हिराबाई बसलेल्या दिसल्या आणि त्यांच्या शेजारी बाई. केस पांढरे झालेले. पुढ्यात मधाच्या बरण्या. कुठल्याही बरणीवर लेबल नव्हतं. नुसती काच आणि आत काळा मध.

"लेबल नाही का हो?" एकजण विचारत होता. "कशावरून खरा?"

"डोळं हायत न्हवं तुमाला? मंग बगा की," बाई म्हणाल्या. तो निघून गेला.

मी पुढे झाले. "बाई, मी वैशाली."

"म्हाईत हाय."

मी एक बरणी उचलली. त्यांनी हात पुढे केला, माझ्या हातातून ती काढून घेतली आणि रांगेत परत ठेवली.

"तुला न्हाई."

"अवो, द्या की," हिराबाई म्हणाल्या. "बोहनी झाली न्हाई सकाळधरनं."

"न्हाई म्हनलं ना. तिला न्हाई इकायचा."

नणंद माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी बाजूला झाले. थोड्या वेळाने हिराबाई पाणी आणायला उठल्या, माझ्याजवळ थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नका ताई. तिचा राग अजून गेला न्हाई."

"जाऊ नये," मी म्हटलं.

हिराबाईंना ते कळलं की नाही, माहीत नाही. त्या नळाकडे गेल्या. दुपारी वाडीची जीप आली. बाईंनी खोके चढवून घेतले. ड्रायव्हरने दोरी सैल बांधली होती, म्हणून त्याला सगळ्या बाजारासमोर झाडला, दोरी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः गाठ मारली. गुडघा खोक्याला लावून, दात आवळून, दोनदा. मग पुढच्या सीटवर बसल्या आणि दार आपटलं.